विंग चुन शिकायचंय? लाकडी पुतळ्याला थोडं थांबू द्या

क्लासमध्ये नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास दोन प्रश्न विचारतो. लाकडी पुतळ्यावर हात कधी चालवायला मिळेल? आणि ब्रूस ली हेच करायचा ना? मीही विचारले होते. पहिल्या प्रश्नावर आमच्या सरांनी मला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "आधी पाय ठरू देत." पाय ठरायला चार महिने लागले. तोपर्यंत पुतळ्याची आठवणही पुसट झाली होती. हा लेख त्या चार महिन्यांबद्दल आणि त्यानंतरच्या थोड्या वाटेबद्दल आहे.

विंग चुन ही दक्षिण चीनमधली, ग्वांगडोंग प्रांतातली मारामारीची विद्या. मारामारी म्हणजे अगदी हातघाईवर आलेली. समोरचा माणूस हात लांब केला की लागेल इतका जवळ आहे, हे गृहीत धरूनच तिची सगळी रचना झालेली. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, लाथा असतात पण सहसा कमरेच्या खाली. अभ्यासक्रमही आटोपशीर आहे: रिकाम्या हातांचे तीन फॉर्म (म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचे संच), एक लाकडी पुतळा, एक लांब काठी, एक सुऱ्यांची जोडी. संपलं. शेजारच्या चॉय ली फुट शैलीत फॉर्म डझनांनी मोजावे लागतात, त्यामानाने हे पोस्टकार्डावर मावेल. म्हणून ते लवकर शिकून होईल असं वाटतं, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते.

आधी गोष्ट, मग इतिहास

क्लासमध्ये तुम्हाला एक गोष्ट ऐकायला मिळेलच. छिंग राजवटीच्या सैन्याने दक्षिणेतलं शाओलिन मठ जाळलं. त्यातून निसटलेल्या पाच ज्येष्ठांपैकी एक होती न्ग मुई नावाची भिक्षुणी. करकोचा आणि साप यांची झुंज पाहून तिला नवी पद्धत सुचली. ती तिने यिम विंग-चुन या मुलीला शिकवली, कारण गावातला एक गुंड तिच्याशी जबरदस्तीने लग्न करायला निघाला होता. मुलीने गुंडाला लोळवलं, आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं, आणि नवऱ्याने त्या विद्येला बायकोचं नाव दिलं.

गोष्ट झकास आहे. पण त्या काळातला एकही कागद तिला दुजोरा देत नाही, आणि न्ग मुई हे पात्र छापील स्वरूपात ठळकपणे भेटतं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबरीत. माझं मत विचाराल तर गोष्ट ऐकावी, तिच्यातलं तांत्रिक सूत्र घ्यावं (अंगाने लहान असलेल्या माणसाने ताकदीला ताकद भिडवायची नाही) आणि पुढे जावं. वर्गात मठाच्या आगीवरून वाद घालणाऱ्यांचे पाय सहसा कच्चे असतात.

पुढचा भाग जास्त रंजक आहे. ग्वांगडोंगमधली कॅन्टोनीज ऑपेराची नाटकमंडळं लाल रंगवलेल्या होड्यांमधून गावोगाव फिरायची. नटांना रंगमंचावरच्या लढायांसाठी खरी कसरत यावी लागे. 1854 साली ली वेनमाओ नावाच्या नटाच्या पुढारपणाखाली या मंडळींनी छिंग सरकारविरुद्ध बंडच पुकारलं. बंड मोडलं गेलं, फोशान शहरातलं नाटकवाल्यांचं संघगृह सरकारने उद्ध्वस्त केलं, आणि कॅन्टोनीज ऑपेरावर कित्येक वर्षं बंदी आली. परंपरा सांगते की या लाल होड्यांवरच्या दोघांकडून, वोंग वा-बो आणि लियुंग यी-ताई यांच्याकडून, ही विद्या फोशानमधल्या लियुंग जान या वैद्याकडे आली. लियुंग जानपासून मात्र पायाखाली जमीन लागते. फोशान हे तेव्हा मातीची भांडी, लोखंडकाम आणि व्यापाराचं भरभराटीचं गाव. वैद्याच्या दवाखान्याजवळ चान वा-शुन नावाचा धिप्पाड माणूस नाणी मोडून देण्याचा धंदा करायचा. त्याचं टोपणनावच 'सुट्टे देणारा वा' असं पडलं होतं. तो वैद्याचा शिष्य झाला.

या चान वा-शुनच्या अगदी शेवटच्या शिष्यांपैकी एक म्हणजे इप मान. जन्म 1893, फोशानमधल्या सधन घरातला. 1949 मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली तेव्हा सगळं मागे टाकून तो हाँगकाँगला गेला आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पोटासाठी शिकवायला लागला. 1950 साली त्याचा पहिला वर्ग भरला तो उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत. म्हणजे आज जगभर पसरलेली ही विद्या आधी हॉटेलातल्या कामगारांनी शिकली. इप मानने शिकवण्याची भाषाही बदलली. पंचतत्त्वं, अष्टकोन असली जुनी गूढ परिभाषा त्याने बाजूला ठेवली आणि कोपर, कोन, अंतर अशा साध्या शब्दांत समजावायला सुरुवात केली. शहरी, घाईतल्या तरुणांना ते पटलं.

त्या तरुणांतला एक ब्रूस ली. तो साधारण 1950 च्या दशकाच्या मध्याला आला, वर्गातल्या वोंग शुन-लियुंग या थोरल्या गुरुबंधूकडून बरंच शिकला, आणि 1959 मध्ये अमेरिकेला निघून गेला. सगळा अभ्यासक्रम त्याने पुरा केला नव्हता. पुढे त्याने स्वतःची वाट काढली, ती जीत कुन दो. तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सुरुवात इथून, शेवट वेगळीकडे. पडद्यावरच्या त्याच्या उंच लाथा पाहून विंग चुनला याल तर पदरी निराशा येईल.

एक व्यवहाराची गोष्ट. क्लास शोधताना तुम्हाला विंग चुन, व्हिंग त्सुन, विंग त्सुन अशी स्पेलिंगं दिसतील. चिनी अक्षरं तीच, अर्थही तोच: 'वसंताचं गुणगान'. स्पेलिंगांतला फरक बऱ्याचदा कोणत्या घराण्याचा क्लास आहे ते सांगतो. इप मानच्या मंडळींनी 1967 मध्ये हाँगकाँगला स्थापन केलेली संघटना 'व्हिंग त्सुन' लिहिते. शिवाय इप मानशी संबंध नसलेली घराणीही आहेत, उदाहरणार्थ फोशानच्याच युएन के-सानचं. आपल्याकडे गायकीची घराणी असतात तसंच समजा. राग तोच, मांडणी निराळी. खाली मी सांगतोय ते इप मानच्या घराण्यातलं आहे.

पहिली पायरी: उभं राहणं

बैठकीचं नाव लांबलचक आहे, यी जी किम यूंग मा. त्याचा अर्थ 'दोन या अक्षराची, बकरं पकडून धरणारी बैठक'. चिनीत 'दोन' लिहायला दोन आडव्या रेघा काढतात, वरची आखूड आणि खालची लांब. तुमच्या पायांचे अंगठे म्हणजे आखूड रेघ, टाचा म्हणजे लांब रेघ. मांड्यांमध्ये बकरं धरलंय अशी कल्पना करा, म्हणजे उरलेलं नाव कळेल.

असं उभं राहा. पाय जुळवा. दोन्ही मुठी छातीच्या कडेला, बरगड्यांना न टेकवता, मागे ओढून घ्या. गुडघे वाकवा. आता टाचांवर फिरून पुढचे पंजे बाहेर उघडा. मग पंजांवर वजन घेऊन टाचा बाहेर उघडा. पाय आपोआप खांद्यांच्या रुंदीवर आले असतील आणि अंगठे किंचित आत वळलेले असतील. आता कंबर थोडी पुढे घ्या, म्हणजे पाठीचा खालचा बाक नाहीसा होतो आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक रेघ येते. वजन दोन्ही पायांवर निम्मं निम्मं. हनुवटी आत, खांदे सैल.

इथे माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. 'बकरं पकडा' ऐकून मी गुडघे जोर लावून आत दाबायचो. पायात घट्ट पकड असलेले रनिंग शूज, खाली रबरी मॅट. पाऊल जागचं हलत नव्हतं आणि गुडघा मात्र आत पिळला जात होता. सहाव्या आठवड्यात डाव्या गुडघ्याची आतली बाजू इतकी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. महिनाभर सक्तीची विश्रांती. गुडघ्याचं टोक नेहमी पायाच्या अंगठ्याच्या दिशेला राहिलं पाहिजे. अंगठे जितके आत, तितकाच गुडघा आत, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला अंगठे जेमतेम आत वळवा. बूट सपाट तळाचे, साधे कॅनव्हासचे घ्या. मोज्यांवर, घरच्या गुळगुळीत फरशीवर सराव नको. आणि गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, मग तीन, मग पाच. मांड्या थरथरतील, ते चालेल. गुडघ्यात कळ आली की थांबायचं.

दुसरी पायरी: मधली रेघ आणि कोपर

आरशासमोर उभं राहा. कपाळापासून नाक, छातीचं हाड, बेंबी अशी खाली जाणारी उभी रेघ कल्पनेने ओढा. विंग चुनचं सगळं राजकारण या रेघेभोवती चालतं. तुमच्या मध्यापासून समोरच्याच्या मध्यापर्यंतची सरळ वाट सगळ्यात जवळची. ती वाट तुमच्या हातांनी अडवलेली असेल, तर त्याला वळसा घालून यावं लागतं. तेवढा वेळ तुमचा.

ठोसा याच वाटेने जातो. मूठ उभी असते, अंगठा वरच्या बाजूला. याला सूर्याच्या अक्षराची मूठ म्हणतात, कारण चिनीतलं 'सूर्य' हे अक्षर म्हणजे उभा आयत आणि त्याच्या पोटात एक आडवी रेघ. समोरून पाहिलं तर उभी मूठ तशीच दिसते. मूठ आधी छातीच्या मध्यावर आणा, मग सरळ पुढे सोडा. कोपर खाली आणि आत. टेकतात ती खालची तीन बोटं, मधल्या बोटापासून करंगळीपर्यंतची. मूठ शेवटच्या क्षणी आवळायची, आधीपासून नाही.

कोपर बाहेर निसटतंय का हे स्वतः तपासायचा सोपा उपाय आहे. भिंतीला उजवा खांदा लागून उभं राहा आणि उजव्या हाताने ठोसा सोडा. कोपर भिंतीवर घासलं की समजायचं, बाहेर गेलं. पहिल्या दिवशी माझ्या बाहीला चुना लागला होता. रोज शंभर ठोसे, हळू. शंभर हा आकडा मोठा वाटतो, पण हातांच्या पाळ्या लावून चार-पाच मिनिटांचं काम आहे.

भिंतीवरची पिशवी नंतर. कॅनव्हासची, तीन कप्प्यांची पिशवी असते आणि पूर्वापार तिच्यात मूग भरतात. हो, आपल्या उसळीचेच मूग. पहिले काही आठवडे तिच्यावर आपटायचं नाही, मूठ टेकवून दाबायचं आणि दाब टाचेपर्यंत पोचतोय का ते बघायचं. मनगट वाकलं तर लगेच कळतं.

तिसरी पायरी: तीन हात

विंग चुनमध्ये अडवण्याच्या ढिगाने पद्धती दिसतात, पण मूळ बिया तीनच.

तान साओ म्हणजे पसरलेला हात. तळवा आकाशाकडे, बोटं पुढे, कोपर मध्याकडे ओढलेलं, बरगड्यांपासून साधारण एका मुठीच्या अंतरावर. भिक्षा मागतोय असा दिसतो, पण मनगट किंचित वर चढलेलं असतं आणि पूर्ण हात पुढे ढकलत असतो. आतून बाहेर जाणारा ठोसा त्याच्या उतारावरून घसरतो.

बोंग साओ म्हणजे पंख. कोपर मनगटाहून उंच, पुढचा हात तिरका खाली. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळ्यात देखणा वाटतो म्हणून नवखे तो उगाच करत राहतात. तो करायचा नसतो, तो होतो: तुमच्या हातावर दाब आला आणि जागा उरली नाही की कोपर वर येतं. आणि झाला की लगेच दुसऱ्या कशात बदलायचा. पंख तसाच धरून उभं राहिलात तर खालच्या बरगड्या समोरच्याला आंदण दिल्यासारख्या आहेत.

फूक साओ म्हणजे समोरच्याच्या हातावर वरून ठेवलेला हात. मनगट वाकलेलं, बोटं आत वळलेली, कोपर मध्यावर. तिघांत दिसायला साधा, करायला सगळ्यात अवघड. त्यात पकडायचं नसतं. झोपलेल्या बाळाच्या अंगावर हात ठेवतो तेवढंच वजन, पण बाळ हललं की कळलं पाहिजे.

चौथी पायरी: सिउ निम ताउ

पहिल्या फॉर्मचं नाव. अर्थ 'छोटासा विचार'. यात पाय एकदाही हलत नाहीत. बैठक घेतली की शेवटपर्यंत तीच.

फॉर्मचे तीन भाग. पहिला भाग मुद्दाम संथ: तान साओ हळूहळू पुढे जातो, मनगट फिरतं, हात उभा होऊन छातीकडे मागे येतो, मग फूक साओ पुढे, परत मागे, असं तीनदा. याला 'बुद्धाला तीन नमस्कार' म्हणतात. एका हाताचा एवढा भाग करायला दीड-दोन मिनिटं घ्या. श्वास रोखू नका. हात पुढे नेताना ढकलायचं ते कोपराने, बोटांनी ओढायचं नाही. हा फरक वाचून कळत नाही. कोणीतरी तुमच्या मनगटाला हलका विरोध दिला की पाचव्या-सहाव्या वेळी अचानक कळतो. दुसऱ्या भागात तळव्यांचे दाब आहेत, डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, आणि त्यानंतर झटके. इथे पहिल्यांदा जोर सोडायचा आणि लगेच सैल व्हायचं शिकवलं जातं. तिसरा भाग म्हणजे थेट वापरातल्या हातांचे तुकडे.

सकाळी चहाच्या आधी एकदा, रात्री एकदा. सगळा फॉर्म पाठ व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. पाठ झाला म्हणजे आला असं नाही, आणि पाठ झाल्या झाल्या दुसरा फॉर्म मागणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा कोपऱ्यात पाठवत.

पाचवी पायरी: एका हाताचा चि साओ

इथून जोडीदार लागतो आणि इथून खरी मजा. चि साओ म्हणजे चिकटलेले हात. डोळ्यांना दिसून, डोक्यात शिरून, हाताला हुकूम जायला वेळ लागतो. त्वचेला दाब कळून हात हलायला त्यामानाने कमी. एवढ्या जवळून मारामारी करायची तर स्पर्शाची तालीम हवी, हे यामागचं कारण.

सुरुवात एकाच हाताने, दान चि साओ. समोरासमोर उभं राहा. तुमचा उजवा हात तान साओत, त्यावर समोरच्याचा डावा हात फूक साओत. आता:

1. तुम्ही तान साओमधून तळवा उभा करून त्याच्या छातीकडे सरळ ढकला.
2. तो कोपर खाली बुडवून तुमचा हात मध्यावरून उतरवतो. याला जाम साओ म्हणतात.
3. त्याच जागेवरून तो ठोसा सोडतो.
4. ठोशाचा दाब तुमच्या हातावर येतो, तुमचं कोपर वर येतं: बोंग साओ.
5. दोघं परत तान-फूकवर. पुन्हा.

एवढंच. दहा मिनिटं केलंत की खांदा भरून येतो, कारण प्रत्येक नवखा खांद्याने ढकलतो. माझी जोडीदार माझ्याहून वीस किलोने हलकी होती. मी जोर वाढवला की ती हात अचानक काढून घ्यायची, मी पुढे झुकायचो आणि तिचा तळवा माझ्या छातीवर टेकलेला असायचा. एकदाही तिने जोर लावला नाही. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अरे दादा, तू मला ढकलतोयस की माझ्यावर टेकून उभा आहेस?" मी टेकूनच उभा होतो.

या सरावामागचं जुनं कॅन्टोनीज वचन मराठीत साधारण असं होईल: येईल त्याला ठेवून घ्या, जाईल त्याला पोचवायला जा, हात सुटला की सरळ आत शिरा. पहिल्या दोन गोष्टी आपण पाहुण्यांच्या बाबतीत करतोच. तिसरी तेवढी शिकायची.

एका हाताचं अंगवळणी पडलं की दोन हातांचा फिरता चि साओ येतो. तिथे सूचना एकच: हरण्याची तयारी ठेवा. चि साओत गुण मोजायला लागलात की हात कडक होतात आणि शिकणं थांबतं.

मग वळणं आणि चालणं

दुसरा फॉर्म चुम किउ, 'पूल शोधणं'. पूल म्हणजे दोघांच्या हातांचा संपर्क. यात अंग वळवायचं, पुढे सरकायचं आणि लाथा मारायच्या शिकवतात. बहुतेक ठिकाणी याला सहा महिने ते वर्षाने हात घालतात. तिसरा बिउ जी, झेपावणाऱ्या बोटांचा. कोपराचे घाव आणि गणित चुकल्यावर सावरायचं कसं, हे त्यात आहे. पूर्वी तो दाराबाहेर दाखवू नये अशी पद्धत होती. आज कोणाच्याही फोनवर सापडतो. पाहून उपयोग होत नाही, त्यामुळे गुपित तसं टिकून आहे.

शिक्षक निवडताना

पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा. ज्याला बसून बघू देत नाहीत तो क्लास सोडून द्या. नवख्यांकडे बघू नका, तीन-चार वर्षं झालेल्यांकडे बघा. ते एकमेकांच्या सोयीने हात देतायत, की खरोखर टोचायचा प्रयत्न करतायत? ग्लोव्हज, दातांचं गार्ड घालून मोकळी लढत कधी होते का? हे विचारा. कारण विंग चुनची मोठी दुखती नस इथेच आहे: चि साओ इतका गोडीचा आहे की लोक तो वर्षानुवर्षं करत बसतात आणि बॉक्सरचा साधा आडवा ठोसा आला की गडबडतात. 1950 च्या दशकात हाँगकाँगच्या गच्च्यांवर दुसऱ्या शैलींच्या पोरांशी चोरून लढती व्हायच्या, आणि वोंग शुन-लियुंगचं नाव तिथेच झालं. तुम्ही गच्चीवर जाऊ नका, पण दुसऱ्या शैलीच्या माणसाशी गार्ड घालून खेळण्याची सोय असलेला क्लास शोधा. जमिनीवरची पकड इथे नाही, तीही माहीत असू द्या.

'तुमचे शिक्षक कोणाकडे शिकले?' हा प्रश्न इथे उद्धट समजला जात नाही. नीट उत्तर मिळालं पाहिजे. दोन शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र, स्पर्श न करता पाडणं, 'हे फक्त मलाच माहीत आहे' यांपैकी काहीही ऐकू आलं तर चप्पल घाला.

नाती कुटुंबासारखी असतात. शिक्षक सिफू, त्या शब्दात 'वडील' बसलेले आहेत. तुमच्या आधी आलेला सिहिंग, म्हणजे थोरला भाऊ, मग तो वयाने तुमच्याहून दहा वर्षांनी लहान का असेना. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा पोरगा चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्याचा थोरला भाऊ होता. दोघांनाही ते जड गेलं, पण सवय झाली. आपल्या तालमीतल्या वस्तादाचा मान ज्याने पाहिलाय त्याला हे नवं वाटणार नाही.

आणि आता तो पुतळा

मुक यान जोंग. उभा ओंडका, त्यात बसवलेले तीन हात आणि एक पाय. वरचे दोन हात किंचित फाकलेले, तिसरा मध्यावर खाली, पाय पुढे वाकलेला. फोशानमध्ये तो जमिनीत पुरत. हाँगकाँगमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत पुरणार कुठे? म्हणून तो दोन आडव्या पट्ट्यांवर टांगला गेला. या तडजोडीचा फायदाच झाला: पट्ट्या थोड्या लवतात, पुतळा किंचित मागे जाऊन परत येतो, आणि त्यामुळे त्याला 'जीव' आल्यासारखा वाटतो. इप मानच्या घराण्यात यावरच्या फॉर्ममध्ये 116 हालचाली मोजतात.

आपल्या मल्लखांबाशी त्याचं काही नातं नाही. एका नातेवाईकांनी मला "मग त्यावर चढतोस का?" असं विचारलं होतं म्हणून सांगतो. चढायचं नसतं आणि बडवायचंही नसतं. चित्रपटात तो खडखड वाजतो, खऱ्या सरावात एक बसका, जाड आवाज येतो. पुतळा तुमचे कोन तपासतो: अंतर चुकलं तर हात पोचत नाही, पाय चुकला तर नडगी लाकडावर आदळते. माणूस सांभाळून घेतो, लाकूड घेत नाही. पहिल्या दोन फॉर्मशिवाय त्यावर गेलात तर हाताला काळे-निळे डाग पडतील आणि बाकी काही नाही. घरी घ्यायचा विचार असेल तर वर्षभर थांबा. खालच्या मजल्यावरच्यांनाही तेच बरं.

काठी आणि सुऱ्या त्याही नंतर. लूक दिम बून क्वान, 'साडेसहा बिंदूंची काठी', अडीच-तीन मीटर लांब, आणि साध्या घरात ती फिरवायलाच जागा नसते. बात जाम दाओ म्हणजे रुंद पात्याच्या आखूड सुऱ्यांची जोडी. दोन्ही शिकवणारे कमी, आणि मागणाऱ्यांपैकी त्यांच्यापर्यंत पोचणारे त्याहून कमी.

तोवर एक काम करा. इप मान डिसेंबर 1972 मध्ये घशाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या थोडेच दिवस आधी घरातच आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर त्याचं चित्रीकरण झालं: सिउ निम ताउ, चुम किउ आणि पुतळा. ते आज सहज बघायला मिळतं. अंगाने वाळलेला, 79 वर्षांचा आजारी माणूस. वेग निम्मा करा, पहिला फॉर्म लावा, आणि हातांकडे न बघता फक्त कोपरांकडे बघत शेवटपर्यंत बघा. मग उठून स्वतः एकदा करा.